नवरा व्हेंटिलेटरवर आहे, त्याच्याशी काय बोलू?

प्रश्न: माझा नवरा ४१ वर्षांचा, कधी आजारी पडला नाही असा माणूस. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी म्हणाला पायाला मुंग्या येतायत, दोन दिवसांनी जिना चढता येईना आणि त्याच आठवड्यात थेट आयसीयूत, व्हेंटिलेटरवर. डॉक्टर म्हणाले जीबीएस, म्हणजे गुलेन बारे सिंड्रोम. इम्युनोग्लोब्युलिन या औषधाचा कोर्स झालाय पण हातपाय अजून हलत नाहीत, नळीमुळे बोलताही येत नाही. मी आत जाते, 'सगळं ठीक होणार, काळजी करू नकोस' एवढं म्हणते आणि पुढे काही सुचतच नाही, बाहेर येऊन रडते. सासूबाई म्हणतात त्याआधी त्याला जुलाब झाले होते तेव्हाच का नेलं नाहीस. मुलगी आठ वर्षांची आहे, रोज विचारते बाबा मरणार का. रात्री फोन वाजला की धस्स होतं. मला काही सुधरत नाहीये.

उत्तर: ताई, आधी त्या जुलाबांचं बोलू, कारण ते ओझं तुमच्यावर उगाच पडलंय. जीबीएस बऱ्याचदा पोटाच्या किंवा सर्दी-खोकल्याच्या इन्फेक्शननंतर काही आठवड्यांत सुरू होतो हे खरं, शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. पण जुलाब कोणाला होत नाहीत? आणि जीबीएस वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्यालाच होतो. तेव्हा नेलं असतं तरी हे पुढे येणार असं कुठल्याही डॉक्टरला सांगता आलं नसतं. सासूबाईंचं पोरगं आत पडलंय, त्या कारण शोधतायत. शक्य असेल तर त्यांना डॉक्टरांसमोर बसवा आणि हाच प्रश्न त्यांनाच विचारू द्या.

आता तुमचा खरा प्रश्न. या आजारात नसा दुखावतात, मेंदू नाही. म्हणजे झोपेचं औषध चालू नसेल तर तो जागा आहे, त्याला ऐकू येतंय, समजतंय, फक्त उत्तर देता येत नाही. म्हणून 'काळजी करू नकोस' त्याला पुरणार नाही हो, तो काळजी करतच असणार. त्याला माहिती द्या. आज कोणता वार, किती वाजलेत, त्याला काय झालंय, ही नळी कशासाठी आहे आणि ती कायमची नाही, डॉक्टर आज काय म्हणाले. हे रोज सांगा, तेच तेच झालं तरी सांगा, कारण आयसीयूत दिवस-रात्र कळत नाही, औषधांनी आणि न झोपल्याने माणसाला भासही होतात. आणि मग घरचं साधं काहीही, मुलीचा गृहपाठ, बंद पडलेला पंखा. 'मलाही भीती वाटते, पण मी रोज येणार आहे' असं म्हणालात तरी चालेल, खोटं हसू त्याला लगेच कळेल, इतकी वर्षं ओळखतो तुम्हाला.

त्याला 'हो' आणि 'नाही' म्हणायचा रस्ता मात्र आजच शोधा. पापणी हलत असेल तर एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. चेहऱ्याचे स्नायूही गेले असतील तर नजर वर-खाली करून जमतं का ते सिस्टरना विचारा, अक्षरांचा तक्ता वापरता येतो. पहिला प्रश्न दुखण्याचा विचारा, या आजारात पाठ आणि पाय फार दुखतात आणि कधीकधी चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, पण न बोलणाऱ्या माणसाचं दुखणं राहून जातं. हात धरण्याआधीसुद्धा विचारा, 'धरू का?' इतके दिवस सगळे त्याला न विचारता हलवतायत, एवढं तरी त्याच्या मर्जीने होऊ दे.

पुढे काय? अशक्तपणा वाढायचा तो बहुतेकांत चार आठवड्यांच्या आत थांबतो, मग काही काळ सगळं जैसे थे राहतं, आणि हाच काळ घरच्यांना सगळ्यात वाईट जातो कारण औषध देऊनही काहीच हलत नाही असं वाटतं. नस म्हणजे वायर धरली तर नुसतं वरचं आवरण खराब झालंय की आतली तार तुटलीय यावर वेळ ठरतो, तार तुटली असेल तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. एकूण पेशंटपैकी सुमारे ८० टक्के लोक सहा महिन्यांत आधाराशिवाय चालतात, पण व्हेंटिलेटर लागलेल्यांना जास्त वेळ लागतो, आणि चांगले उपचार मिळूनही काहीजण दगावतात, हे तुमच्यापासून लपवणार नाही. त्याच्या बाबतीत काय वाटतं हे न्यूरोलॉजिस्टना सरळ विचारा, प्रश्न वहीत लिहून न्या, उत्तरंही लिहा, कारण घाबरलेल्या डोक्यात काही राहत नाही.

मुलीला 'नाही गं, काही होत नाही' म्हणू नका. बाबा खूप आजारी आहे, मशीन त्याला श्वास घ्यायला मदत करतंय, डॉक्टर प्रयत्न करतायत, काही बदललं तर मी तुला सांगेन, आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही, इतकं पुरे. हॉस्पिटलने परवानगी दिली आणि तिची इच्छा असेल तर नेऊ शकता, आधी नळ्यांचा फोटो दाखवून.

राहिल्या तुम्ही. नातेवाईकांना अपडेट द्यायचं काम एका माणसाकडे सोपवा, दीर-भाऊ कोणीही. रात्रीचा फोनही काही रात्री त्यांच्याकडे राहू दे आणि त्या रात्री खरंच झोपा. आयसीयूतल्या पेशंटच्या घरच्यांना नंतर महिनोन्‌महिने झोप न लागणं, अलार्मसारखा आवाज आला की थरकाप होणं, उदास वाटणं हे होतं, डॉक्टर त्याला आजारच मानतात आणि त्यावर उपचार आहेत. तुमचं तसं व्हायला लागलं, किंवा जगणं नकोसं वाटलं, तर लगेच डॉक्टरांना सांगा. तो घरी आला की बघू म्हणून थांबू नका, तो घरी आला तरी फिजिओथेरपी चालूच असेल आणि तुमच्याकडे स्वतःसाठी वेळ आतापेक्षाही कमी असेल.