संशोधनात खोटी आकडेवारी दिली तर तुरुंगवास होऊ शकतो का?

होऊ शकतो, पण शिक्षा बहुधा खोट्या विज्ञानाची नसते, त्याच्या जोरावर लाटलेल्या सरकारी पैशाची असते. अमेरिकेत डाँग-प्यू हान या संशोधकाने एचआयव्ही लशीच्या प्रयोगात सशांच्या रक्तात माणसाच्या रक्तातली प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) मिसळली आणि लस लागू पडल्याचा देखावा केला. २०१५ मध्ये त्यांना ५७ महिन्यांची कैद झाली, शिवाय सुमारे ७२ लाख डॉलर भरण्याचा आदेश. आरोप मात्र अनुदानाच्या कागदपत्रांत खोटी विधाने केल्याचा! अशी प्रकरणे मोजकीच. एरवी शोधनिबंध मागे घेणे, नोकरी जाणे, काही वर्षे निधीबंदी, एवढ्यावरच भागते. आणि तुरुंगवासासाठी फसवणुकीचा हेतू सिद्ध करावा लागतो; मोजमापात प्रामाणिकपणे झालेली चूक यात येत नाही.