चार-चार ओटीटींचे पैसे भरूनही हवा तो सिनेमा नेमका पाचवीकडेच का असतो?

तुमच्या पत्रातल्या या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. चार सबस्क्रिप्शन घेऊनही हवं ते भलतीकडेच का निघतं, गाण्यांच्या ॲपवर जवळपास सगळी गाणी मिळतात तसं सिनेमांचं का होत नाही, आणि यातून सुटायचं कसं. पहिल्या दोन्हींचं मूळ एकच आहे, त्यामुळे तिथे जरा जास्त वेळ घेते. तिसऱ्याचं उत्तर छोटं आहे आणि कदाचित तुम्हाला रुचणार नाही.

सुरुवात डीव्हीडीपासून करावी लागते. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात एक तत्त्व आहे: एखादी प्रत रीतसर विकली गेली की त्या प्रतीचं पुढे काय करायचं यावर मूळ मालकाची सत्ता उरत नाही. विकत घेणारा ती पुढे विकू शकतो, कोणाला देऊ शकतो, आणि सिनेमा असेल तर भाड्यानेही देऊ शकतो. स्टुडिओला विचारायची गरज नाही. तिथल्या व्हिडिओ लायब्रऱ्यांचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा राहिला. नेटफ्लिक्सने १९९८ मध्ये टपालाने डीव्हीडी पाठवायला सुरुवात केली तीही याच जोरावर. पुढे त्यांच्याकडे एक लाखाहून जास्त सिनेमे-मालिका जमल्या, सगळ्या स्टुडिओंच्या, एकाच वर्गणीत. यामागे स्टुडिओंचं औदार्य वगैरे काही नव्हतं. नाही म्हणायची सोयच त्यांना कायद्याने ठेवली नव्हती.

स्ट्रीमिंगमध्ये ती सोय त्यांना आयती मिळाली. इथे प्रत विकली जात नाही, दाखवण्याची परवानगी दिली जाते. ती कोणत्या देशापुरती, किती वर्षांची, दुसऱ्या कोणाला द्यायची की नाही, हे सगळं करारात ठरतं. म्हणजे ज्याच्याकडे हक्क आहेत तो सरळ ‘देत नाही’ म्हणू शकतो. तुमचा सगळा वैताग याच ‘देत नाही’मधून येतो. कंपन्या चार आहेत की चौदा, ही त्यापुढची गोष्ट.

मग मधली काही वर्षं सगळं एकाच ठिकाणी कसं मिळत होतं? कारण मालाची किंमत मालकांनाच कळली नव्हती. नेटफ्लिक्सचं स्ट्रीमिंग २००७ मध्ये सुरू झालं. २००८ मध्ये त्यांनी स्टार्झ नावाच्या केबल वाहिनीशी करार केला आणि त्या वाटेने डिस्ने आणि सोनीचे सिनेमे त्यांना पुढच्या काळाच्या मानाने मातीमोल भावात मिळाले. इंटरनेट म्हणजे तेव्हा किरकोळ जोडधंदा होता ना! २०१० मध्ये एचबीओ आणि वॉर्नर स्टुडिओची मालक कंपनी टाइम वॉर्नरचे प्रमुख जेफ ब्यूक्स यांना नेटफ्लिक्सच्या धोक्याबद्दल विचारलं, तर त्यांनी अल्बेनियाचं सैन्य जग जिंकेल का अशा अर्थाची थट्टा केली होती. स्टार्झचा करार फेब्रुवारी २०१२ च्या अखेरीस संपला आणि पुन्हा झाला नाही. तोवर सगळ्यांचे डोळे उघडले होते.

त्यानंतर जो तो आपला माल आपल्या दुकानात परत घेऊन गेला. नोव्हेंबर २०१९ मध्ये ॲपल टीव्ही प्लस आणि डिस्ने प्लस, मे २०२० मध्ये एचबीओ मॅक्स, जुलैत पीकॉक, मार्च २०२१ मध्ये पॅरामाउंट प्लस. अमेरिकेत ‘फ्रेंड्स’ २०१९ संपता संपता नेटफ्लिक्सवरून गेली. बातम्यांनुसार वॉर्नरने आपल्या एचबीओ मॅक्ससाठी पाच वर्षांचे साडेबेचाळीस कोटी डॉलर तिच्यापायी मोजले, आणि गंमत म्हणजे ती मालिका मुळात वॉर्नरचीच होती. एका खिशातून दुसऱ्या खिशात. पण इतर कितीतरी देशांत तीच मालिका नेटफ्लिक्सवर जागची हलली नाही, कारण तिथले करार वेगळे. ‘अमुक अमुक ॲपवर आहे’ असं परदेशातला मित्र छातीठोक सांगतो आणि तुम्हाला ते दिसत नाही, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. ॲप एकच असलं तरी हक्क देशादेशाचे वेगळे असतात.

आता गाण्यांचं. रेकॉर्ड झालेल्या संगीताचा मोठा हिस्सा युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या तीन कंपन्यांकडे आहे, आणि त्या आपला माल सगळ्यांनाच देतात. तिथेही अडवणुकीचा प्रयोग झाला होता. २०१६ च्या सुमारास काही मोठे अल्बम फक्त एकाच सेवेवर येऊ लागले. मग त्याच वर्षी युनिव्हर्सलच्या प्रमुखांनी आपल्या लेबलांना असे सौदे बंद करायला सांगितल्याच्या बातम्या आल्या आणि ती साथ ओसरली. असं का, याचा माझा अंदाज सरळ आहे. गाणं माणूस शेकडो वेळा ऐकतो आणि दर वेळी थोडे पैसे मालकाला जातात, म्हणून ते जितक्या ठिकाणी वाजेल तितकं मालकाच्या फायद्याचं. सिनेमा आपण बहुतेक वेळा एकदाच बघतो. त्या एकदाच्या बघण्यासाठी तुम्हाला नवं सबस्क्रिप्शन घ्यायला लावलं, तर कमाई जास्त. म्हणजे गाण्याच्या कंपन्या गाणीच विकतात, आणि ओटीटीवाले सिनेमाच्या नावाखाली सभासदत्व विकतात. सिनेमा हे त्यातलं आमिष. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे बरेच चमत्कार उलगडतात.

उदाहरणार्थ, स्वतःच काढलेला माल कंपन्या स्वतःच का गायब करतात? डिस्ने प्लसवर ‘क्रेटर’ नावाचा सिनेमा १२ मे २०२३ ला आला आणि जूनअखेर काढूनही टाकला. सात आठवडे! ‘वेस्टवर्ल्ड’ ही एचबीओची गाजलेली मालिका डिसेंबर २०२२ मध्ये एचबीओ मॅक्सवरून उतरवली आणि पुढच्या वर्षी ती जाहिरातींसह फुकट वाहिन्यांवर सापडली. जो कार्यक्रम नवे सभासद आणत नाही, तो ठेवण्याचा खर्च आहे आणि उतरवण्यात हिशेबाचा फायदा आहे. म्हणून ‘त्यांचाच आहे, कुठे जाणार?’ असं म्हणून काही पुढे ढकलत असाल तर ती सवय सोडा.

आणि काही गोष्टी कुठेच नसतात. त्यामागे बऱ्याचदा पार्श्वसंगीताचे किंवा गाण्यांचे हक्क असतात. जुन्या मालिकांसाठी ते फक्त टीव्हीपुरते घेतलेले, स्ट्रीमिंग कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. ‘मूनलायटिंग’ ही १९८५ ते १९८९ मधली मालिका याच कटकटीपायी ऑक्टोबर २०२३ पर्यंत कोणत्याच ओटीटीवर आली नव्हती.

माझा स्वतःचा सर्वात मोठा राग मात्र सीझन फुटण्यावर आहे. मी एक मालिका बघत होते. तिचे सुरुवातीचे सीझन एका ॲपवर, शेवटचा दुसऱ्यावर, आणि त्या दुसऱ्यावर मला हवे ते सबटायटलच नाहीत. नावं घेत नाही, कारण हा अनुभव कुठेही येऊ शकतो. प्रत्येक सीझनचा करार वेगळा असू शकतो, आणि सबटायटल ज्याने पैसे देऊन करून घेतले तो ते दुसऱ्याला देईलच असं नाही. कारण कळलं म्हणून चीड कमी झाली असं मात्र नाही.

शोधण्याचा घोळ वेगळाच. हवं ते कुठे आहे हे एका जागी सांगणारी यादी असावी, ही काही चंद्र मागण्यासारखी मागणी नाही. पण तुम्ही दुसऱ्याच्या पडद्यावरून थेट हव्या त्या भागावर उतरलात, तर वाटेत ओटीटीवाल्यांची जाहिरातबाजी बघणार कधी? ॲपलच्या टीव्ही ॲपमध्ये ‘पुढे काय बघायचं’ अशी सगळ्यांची मिळून यादी असते आणि नेटफ्लिक्स त्यात नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये थोडा वेळ त्यांचे कार्यक्रम तिथे दिसले, लोक खूश झाले, आणि मग ते चुकून झालं होतं असा खुलासा आला.

केबलच्या काळात आपली तक्रार काय होती आठवा: दहा वाहिन्या बघायच्या आणि शंभरांचे पैसे भरायचे, त्यापेक्षा हवं तेवढंच विकत द्या. मिळालं ते असं की निवड करता येते, पण कार्यक्रमाची नाही, कंपनीची. आता तर जुडग्यातली विक्रीही परत आली आहे. २०२४ मध्ये अमेरिकेत डिस्ने प्लस, हुलू आणि मॅक्स (एचबीओ मॅक्सचं तेव्हाचं नाव) एकत्र विकायला लागले, कॉमकास्ट या केबल कंपनीने पीकॉक, नेटफ्लिक्स आणि ॲपल टीव्ही प्लस बांधून दिले. मधल्या मध्ये पासवर्ड वाटून घेणं बंद होत गेलं आणि पैसे भरूनही जाहिराती आल्या. कंपन्या एकमेकींत विलीन झाल्या की प्रश्न सुटेल असं तुम्ही लिहिलंय. मला तसं वाटत नाही. दुकानं कमी होतील, पण ‘देत नाही’ म्हणायचा हक्क तसाच राहील, आणि पर्याय कमी झाल्यावर दर वाढवायला कोण कचरतं?

तर करायचं काय? सगळं हाताशी असलं पाहिजे हा आग्रह सोडायचा. मी एका वेळी एकच ओटीटी ठेवते. बघायच्या गोष्टींची यादी माझ्या वहीत असते, कोणत्याही ॲपच्या ‘माय लिस्ट’मध्ये नाही, कारण सबस्क्रिप्शन संपलं की ती यादी उघडायलाही पैसे मागतात. जस्टवॉच या साइटवर आपला देश निवडून नावं टाकली की कोणती गोष्ट कुठे आहे ते दिसतं (माहिती कधी कधी जुनी असते, पैसे भरण्याआधी त्या ओटीटीच्या साइटवरही खात्री करा). एका ठिकाणची पुरेशी नावं जमली की महिन्याभरासाठी ते घ्यायचं, संपवायचं, पुढे जायचं. नवी मालिका दर आठवड्याला एक भाग अशी येत असेल तर ती पूर्ण होईपर्यंत थांबायचं. आठवड्याला एक भाग यामागे तुम्हाला दोन-तीन महिने धरून ठेवणं हाही हेतू असतोच.

यात तोटा आहे. सगळे ज्यावर बोलतायत ते तुम्ही तेव्हा पाहिलेलं नसतं, आणि शेवट कोणीतरी फोडतंच. घरात चार जणांच्या चार आवडी असतील तर एका वेळी एक हे चालणारही नाही. तिथे दोन ठेवा आणि तिसरं येताना आधीचं एक गेलंच पाहिजे असं ठरवून टाका. वर्षाची योजना स्वस्त दिसते, पण बाराही महिने बघाल अशी खात्री असेल तरच ती खरी स्वस्त.

जे सिनेमे तुम्ही पुन्हा पुन्हा बघता, त्यांची डिस्क मिळत असेल तर घ्या. हसू नका. ‘बाय’ बटण दाबून घेतलेला डिजिटल सिनेमाही बहुतेक वेळा परवानाच असतो. ग्राहकांनी प्लेस्टेशन या सोनीच्या गेमिंग यंत्रावर विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम त्यांच्या खात्यातून जाणार असं डिसेंबर २०२३ मध्ये सोनीने जाहीर केलं होतं. बोंबाबोंब झाल्यावर नवा करार झाला आणि ते तूर्त राहिले. कॅलिफोर्नियात तर जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू झालाय: परवाना देत असाल तर ग्राहकाला तसं स्पष्ट सांगा, नुसतं ‘विकत घ्या’ म्हणू नका. कपाटातली डिस्क मात्र कोणी दुरून पुसू शकत नाही.

टोरंटचं, म्हणजे चोरून डाउनलोड करण्याचं, तुम्ही अर्धवट सूचित केलंय. तिथे सगळं एकाच ठिकाणी असतं, हे खरं आहे आणि हा या धंद्याला बसलेला सणसणीत टोला आहे. पण ज्या छोट्या सिनेमांसाठी आपण जीव टाकतो, त्यांना त्यातून दमडीही मिळत नाही, म्हणून मी तो रस्ता सुचवत नाही.

महिन्याचं सबस्क्रिप्शन घेतलं की मी त्याच दिवशी ते रद्द करून टाकते. बहुतेक ठिकाणी भरलेल्या मुदतीपर्यंत बघता येतं, फक्त पुढचे पैसे कापले जात नाहीत. मोफत चाचणी असेल तर आधी अटी वाचा, काही ठिकाणी रद्द करताच ती तिथल्या तिथे बंद होते. नुसतं ॲप काढून टाकल्याने काहीच रद्द होत नाही. आणि पैसे ज्या वाटेने गेले असतील त्याच वाटेने रद्द करावं लागतं: फोनच्या ॲप स्टोअरमधून घेतलं असेल तर तिथल्या सबस्क्रिप्शनच्या यादीत, मोबाइल कंपनीच्या प्लॅनसोबत आलं असेल तर त्यांच्याकडे. ओटीटीच्या साइटवर ते बटण शोधत बसाल तर ते तिथे नसेलच.