न पिणाऱ्यांनी काखेतीला जावं का?

प्रश्न : सप्टेंबरअखेर आम्ही दोघं जॉर्जियाला चाललोय. शाकाहारी आहोत, वाइनला शिवत नाही. मग काखेती या तिथल्या वाइनच्या प्रांतात काय करायचं? – एक भगिनी, तासगाव

उत्तर : ताई, तासगावकरांनी हे विचारावं? तुम्ही जाल तेव्हा तिथे द्राक्षांची ऐन तोडणी चालू असेल! जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले, वाइन मुरवायचे मातीचे रांजण, म्हणजे क्वेव्री, नक्की बघा. आतून मधमाश्यांचं मेण फिरवलेलं असतं. रस सालीबियांसकट महिनोन्‌महिने मुरतो, म्हणून पांढऱ्या द्राक्षांची वाइनही मधाच्या रंगाची होते. २०१३ मध्ये युनेस्कोनं या पद्धतीची वारसा म्हणून नोंद केली.

जेवणाचं म्हणाल, तर लोबिओ म्हणजे मातीच्या भांड्यातला राजमाच, सोबत मक्याची भाकरी. (आधी 'मांस नको' सांगाच.) चुर्चखेला मात्र पिशवीभर आणा : दोऱ्यात ओवलेले अक्रोड, पीठ घालून आटवलेल्या द्राक्षरसात बुडवून वाळवलेले.

काखेतीतलं सिघनाघी गाव देखणं, पण गर्दीचं. मुक्काम तेलावीला करा. त्सिनानदालीची हवेली आणि अलावेर्दीचं ११व्या शतकातलं कॅथेड्रल तिथून जवळ पडतं. यजमान आग्रह करकरून पेला भरतात. पहिल्यांदाच हसून पेल्यावर हात ठेवा, आणि द्राक्षाचा ताजा रस मागा.