वाचकांचे प्रश्न : डिस्नेलँड पॅरिसजवळ आवाक्यातील थीम हॉटेल कसे निवडावे?

प्रश्न : येत्या मे महिन्यात आम्ही पती-पत्नी, आठ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा असे चौघे युरोपला जाणार आहोत. पॅरिसच्या मुक्कामातील दोन रात्री डिस्नेलँडजवळ काढाव्यात, असा विचार आहे. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांपैकी शायान आणि सांता फे ही दोनच आमच्या आवाक्यातील वाटतात. बाहेरच्या हॉटेलांचे दर त्याहून बरेच कमी दिसतात आणि त्यांपैकी ‘एक्सप्लोरर्स’मध्ये मुलांसाठी पोहण्याचा तलावही आहे. मुलाला ‘कार्स’ चित्रपटातील गाड्यांचे अतोनात वेड आहे. केवळ थीमसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : थीमसाठी जास्तीचे पैसे नेमके किती पडतात, हेच आधी नीट काढावे लागेल, कारण समोर दिसणारे दोन आकडे एकाच गोष्टीचे नाहीत. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलाचा जो दर दाखवला जातो, त्यात साधारणपणे खोलीबरोबर दोन्ही उद्यानांची तिकिटेही धरलेली असतात, आणि तीही येण्याच्या व निघण्याच्या दिवसांसह मुक्कामाच्या प्रत्येक दिवसाची. एका रात्रीच्या आरक्षणात दोन दिवसांची आणि दोन रात्रींच्या आरक्षणात तीन दिवसांची तिकिटे येतात. बाहेरच्या हॉटेलाचा दर मात्र निव्वळ खोलीचा असतो. त्यात आपल्या चौघांची तितक्याच दिवसांची तिकिटे मिळवा (तीन वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही, तीन ते अकरा वर्षांपर्यंत मुलांचा दर आणि बाराव्या वर्षापासून मोठ्यांचा दर लागतो), मग दोन्ही बेरजा शेजारी ठेवा. फरक पुष्कळ कमी झालेला दिसेल. तो तारखेप्रमाणे बदलतो, म्हणून हा हिशेब आपल्याच तारखा घालून करावा. ओळखीच्यांनी मागच्या वर्षी किती दिले, यावर विसंबू नये.

हाच नियम थोडा पुढे नेला, तर आपला सगळ्यात मोठा खर्च वाचू शकतो. आपण दोन रात्री धरल्या आहेत. पाच आणि आठ वर्षांच्या मुलांना तीन दिवस सलग उद्यानात फिरवणे त्यांच्या व आपल्या दोघांच्याही जिवावर येते, असे मला ठामपणे वाटते. त्याऐवजी एकच रात्र घ्यावी. पहिल्या दिवशी सकाळी लवकर पोहोचून सामान हॉटेलात ठेवायला द्यावे आणि थेट उद्यान गाठावे. खोली दुपारी तीननंतर मिळते, पण त्यासाठी थांबून राहण्याचे काहीच कारण नाही. दुसऱ्या दिवशी खोली सोडून सामान पुन्हा त्यांच्याकडेच ठेवावे आणि संध्याकाळपर्यंत फिरावे. एका रात्रीच्या खर्चात दोन भरगच्च दिवस पदरात पडतात. स्वस्त हॉटेल शोधण्यात घालवलेल्या वेळापेक्षा हा एक निर्णय अधिक पैसे वाचवतो.

तारखांविषयी एक सावधगिरी बाळगावी. आपल्याकडे मे म्हणजे शाळेची सुट्टी. फ्रान्समध्ये तो जोडसुट्ट्यांचा महिना असतो. १ मे कामगार दिन, ८ मे दुसऱ्या महायुद्धातील विजयाचा दिवस, आणि बहुतेक वर्षी येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवारही याच महिन्यात येतो. गुरुवारच्या सुट्टीला शुक्रवार जोडून चार दिवस बाहेर पडण्याची तिथे जुनी रीत आहे, त्यामुळे त्या दिवसांत दर आणि रांगा दोन्ही वाढतात. शक्य असल्यास या तारखा टाळून मंगळवार-बुधवार किंवा बुधवार-गुरुवार अशी जोडी निवडावी.

आता थीमविषयी. १२ एप्रिल १९९२ रोजी हे स्थळ सुरू झाले, तेव्हा येथील हॉटेले नामवंत वास्तुरचनाकारांकडून करून घेण्यात आली होती, आणि स्वस्तातली दोन्ही हॉटेलेही त्याला अपवाद नव्हती. शायान रॉबर्ट स्टर्न यांनी आखले आणि सांता फे अँटोनी प्रेडॉक यांनी. शायान म्हणजे काउबॉयच्या चित्रपटांत दिसते तसे अमेरिकेच्या पश्चिमेकडील लाकडी गाव आहे : मधून रस्ता, दोन्ही बाजूंना दोन मजली इमारती आणि प्रत्येक इमारतीला बिली द किड, जेसी जेम्स, कॅलॅमिटी जेन अशी त्या काळातील गाजलेली नावे. खोल्यांच्या सजावटीत ‘टॉय स्टोरी’ चित्रपटातील काउबॉय बाहुला वूडी भेटतो. सांता फे न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील मातीच्या वस्त्यांसारखे आहे. साध्या, ठोकळेवजा, मातकट रंगांच्या भिंती आणि प्रवेशापाशी ड्राइव्ह-इन सिनेमाच्या पडद्याएवढा प्रचंड फलक, अशी त्याची मूळ कल्पना होती. पुढे त्यावर ‘कार्स’मधील गाड्यांचा साज चढवण्यात आला. मुलांच्या दृष्टीने पाहिले, तर शायान अधिक जिवंत वाटते, कारण इमारतीबाहेर पाऊल टाकले की मूल थेट त्या गावाच्या रस्त्यावर उभे असते. सांता फेची थीम मुख्यतः खोलीत आणि दर्शनी भागात आहे. बाहेरच्या मोकळ्या, रुक्ष रचनेतले सौंदर्य मोठ्यांनाच अधिक कळेल. तरीही आपल्या मुलाचे वेड आपण लिहिले आहे तसे असेल, तर सांता फे निवडावे. पलंगाशेजारी आवडती गाडी दिसल्यावर पाच वर्षांच्या मुलाला होणारा आनंद खरा असतो आणि त्यासाठी थोडे पैसे गेले तर वाईट वाटू नये. शिवाय दोन्ही हॉटेलांच्या मध्ये फक्त एक लहानसा कृत्रिम ओढा आहे, त्याला रिओ ग्रांदे असे नाव दिलेले आहे. तो ओलांडून शायानचा रस्ता पाहून येता येते.

परंतु थीमपेक्षाही ज्या गोष्टीकडे आपण लक्ष द्यावे असे मी आग्रहाने सांगेन, ती म्हणजे रात्रीचा परतीचा रस्ता. मेच्या मध्यावर पॅरिसमध्ये सूर्य सव्वानऊनंतर मावळतो. निद्रिस्त राजकन्येच्या किल्ल्यावरील रोषणाईला पूर्ण अंधार लागतो, त्यामुळे त्या दिवसांत ती संपेपर्यंत रात्रीचे अकरा वाजत आलेले असतात. त्यानंतर हजारो माणसे एकदम बाहेर पडतात. दिवसभर चाललेले मूल त्या वेळी खांद्यावर झोपलेले असते, अंगावर गारवा असतो, आणि बसच्या थांब्यापाशी रांग लागलेली असते. शायान व सांता फे दोन्हींकडे मोफत बस जाते, आणि ती मिळाली नाही तरी ओढ्याकाठच्या पायवाटेने साधारण वीस मिनिटांत चालत पोहोचता येते. हा चालत जाण्याचा पर्याय हाताशी असणे फार मोलाचे आहे. बाहेरच्या बहुतेक स्वस्त हॉटेलांकडे परतताना बसशिवाय गत्यंतर नसते, आणि ती गेली की टॅक्सीचा भुर्दंड पडतो. म्हणून बाहेरचे हॉटेल घ्यायचे ठरलेच, तर रात्रीची शेवटची बस किती वाजता सुटते, हे हॉटेलला लेखी विचारून मगच आरक्षण करावे. मुलांसाठी स्वेटर आणि घडी होणारी हलकी बाबागाडी बरोबर असू द्यावी. पाच वर्षांच्या मुलाला घरी ती लागत नसली, तरी येथे लागते.

डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना आणखी एक सवलत मिळते. सर्वांसाठी उद्यान खुले होण्याच्या साधारण तासभर आधी त्यांना आत सोडतात आणि ठरावीक खेळ त्यांच्यासाठी सुरू असतात. दुपारी ज्या खेळासाठी तास-तासभर उभे राहावे लागते, तो या वेळेत थोडक्यात उरकतो. मात्र सकाळी साडेसातला मुले तयार होणार नसतील, तर या सवलतीची किंमत आपल्यापुरती शून्य धरावी. आपल्या घरची सकाळ कशी असते, हे आपणच जाणता.

एक्सप्लोरर्सचा तलाव चांगला आहे, तो बंदिस्त असल्यामुळे थंडीतही चालतो, आणि साहसी सफरींची त्याची थीमही मुलांना आवडण्याजोगी आहे. पण दोन दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत उद्यानात घालवायचे असतील, तर तलावात उतरणार कधी? तिसरा दिवस निव्वळ विश्रांतीसाठी ठेवणाऱ्या कुटुंबाला मी ते हॉटेल जरूर सुचवले असते. आपल्या बेतात ते बसत नाही.

शेवटी, शेंगेन व्हिसासाठी मुक्कामाचा पुरावा द्यावा लागतो, म्हणून आरक्षण अर्जाआधी करणे भाग असते. व्हिसा हातात पडेपर्यंत पैसे परत मिळणाराच दर घ्यावा, तो थोडा महाग असला तरी. रद्द करण्याची मुदत व्हिसाच्या अपेक्षित तारखेच्या पुढची आहे ना, हेही पाहावे.

प्रश्न : आम्ही सहा जण आहोत, त्यात माझे सासू-सासरे अडुसष्ट आणि बहात्तर वर्षांचे आहेत. घरात सगळे शाकाहारी असून सासूबाई बाहेरचे फारसे खात नाहीत. डेव्ही क्रॉकेट रँचमध्ये स्वयंपाकघर असलेली लाकडी घरे मिळतात, असे वाचले. ते आमच्यासाठी योग्य ठरेल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : गाडी चालवण्याची आपली तयारी असेल, तर आपल्या कुटुंबासाठी याहून सोयीची जागा डिस्नेच्या हॉटेलांत मला दिसत नाही. झाडीत विखुरलेल्या या स्वतंत्र घरांत सहा जणांपर्यंत सोय होते आणि स्वयंपाकासाठी शेगडी, मायक्रोवेव्ह, फ्रिज व भांडी असतात. सहा जणांसाठी अन्यत्र दोन खोल्या घेण्यापेक्षा हे बरेचदा स्वस्तही पडते. वृद्ध माणसांना दुपारी स्वतःच्या हाताने केलेला मऊ भात मिळणे, ही किरकोळ गोष्ट नव्हे.

परंतु ही जागा उद्यानापासून काही किलोमीटर दूर, महामार्गाच्या पलीकडे आहे आणि तिथून उद्यानाकडे हॉटेलची बस नाही. भाड्याची गाडी घ्यावीच लागेल. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओकडून काढून न्यावा. फ्रान्समध्ये वाहने उजव्या बाजूने चालतात, तेव्हा रात्रभराच्या विमानप्रवासानंतर लगेच चाक हाती घेऊ नये. आपल्यापैकी एकालाही याची खात्री वाटत नसेल, तर मात्र हा बेत सोडून द्यावा आणि शायानमध्ये दोन खोल्या घ्याव्यात. त्या वेळी सासू-सासऱ्यांसाठी तळमजल्याची आणि बसथांब्याच्या जवळच्या इमारतीतील खोली आधीच लेखी मागावी.

शिध्याविषयी नियम कडक आहेत आणि आपल्या लोकांना ते बहुधा ठाऊक नसतात. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध व दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. त्यामुळे तूप, पेढे, पनीर घरीच ठेवावे. ताजी फळेही बहुतेक चालत नाहीत. मे महिना असला तरी नातेवाइकांसाठी हापूसची पेटी नेण्याचा मोह आवरावा, कारण आंब्याला रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. मेतकूट, गोडा मसाला, खाकरे, भाजणी असे कोरडे जिन्नस बंद पाकिटांतून न्यावेत. दूध, दही, लोणी, भाज्या, पाव हे सर्व उद्यानाच्या अलीकडच्याच स्थानकाजवळ, वाल द’युरोपच्या मोठ्या बाजारसंकुलात मिळते. तिथे ओशां हे अवाढव्य किराणा दुकान आहे. पहिल्याच दिवशी घरी जाताना तिथे थांबावे. लहान मुलांचा खाऊ आणि पाणी उद्यानात नेऊ देतात, पण पूर्ण जेवणाचे डबे उघडून बसण्यासाठी प्रवेशद्वाराबाहेर वेगळी जागा आहे. सासूबाईंचा डबा तिथे खाता येईल.

प्रश्न : आम्ही दोघे आणि महाविद्यालयात शिकणारी मुलगी पॅरिसला पाच दिवस राहणार आहोत. डिस्नेलँड एकच दिवस पाहायचे आहे. त्यासाठी थीम हॉटेलात एक रात्र राहावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : राहू नये. पॅरिसच्या मध्यभागातून, शात्ले-ले-आल किंवा गार द ल्यों येथून, आरईआर या उपनगरी रेल्वेच्या ‘ए’ मार्गाची गाडी साधारण चाळीस मिनिटांत मार्न-ला-वाले–शेसी या शेवटच्या स्थानकावर पोहोचते, आणि उद्यानाचे दार त्या स्थानकासमोरच आहे. जानेवारी २०२५ पासून पॅरिस परिसरातील मेट्रो व उपनगरी रेल्वेच्या एका प्रवासाचे तिकीट, विमानतळांचा प्रवास वगळता, अंतर कितीही असले तरी एकसारखे झाले. त्या वर्षी ते अडीच युरो होते. पूर्वी या ठिकाणासाठी पाच युरो मोजावे लागत. सामानाची बांधाबांध करून एका रात्रीसाठी हॉटेल बदलण्यात आपल्या पाचांपैकी जवळजवळ अर्धा दिवस जाईल, आणि जाणत्या मुलीसह तिघांना थीमच्या खोलीचा लाभ तो किती होणार?

गाडी निवडताना फलकावर शेवटचे स्थानक शेसी आहे ना, हे पाहून बसावे, कारण याच मार्गाला व्हँसेननंतर दुसरा फाटा फुटतो आणि तो बुआसी-सां-लेजेकडे जातो. परतीची शेवटची गाडी सकाळी उतरल्याबरोबर स्थानकावरच पाहून ठेवावी. उन्हाळ्यात रूळदुरुस्तीसाठी या मार्गावरील काही भाग रात्री लवकर बंद केला जाऊ शकतो, तेव्हा ही वेळ त्या दिवशीचीच पाहावी.