सौम्य पक्षाघातानंतर घरी व्यायाम कुठून सुरू करायचा?

वडिलांना ३ आठवड्यांपूर्वी सौम्य झटका आला, उजव्या हातापायात थोडी कमजोरी उरली आहे आणि डॉक्टरांनी ‘हळूहळू हालचाल वाढवा’ म्हणून घरी सोडलं, असं तुम्ही लिहिलंय. हळूहळू म्हणजे किती, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे.

आधी डॉक्टरांकडून एक आकडा मागून घ्या: बीपी कितीच्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम करायचा नाही. मोजण्यापूर्वी त्यांना ५ मिनिटं शांत बसू द्या.

मी चालण्याआधी खुर्चीवरून उठबस सुरू करायला सांगेन. हातांची, भक्कम खुर्ची भिंतीला टेकवा. त्यांनी खुर्चीच्या पुढच्या कडेला सरकून बसायचं, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे वाकायचं आणि मग उठायचं. बसताना धपकन नको, मनात ३ मोजत खाली. ५ वेळा, जरा विसावा, पुन्हा ५; दिवसातून दोनदा. तुम्ही उजव्या बाजूला उभे राहा.

यात एक चूक हमखास होते. सगळा भार डावा पाय घेतो आणि उजवा नुसता सोबतीला असतो. लांबून सगळं छान दिसतं, पण कमजोर पाय कमजोरच राहतो. समोरून नीट बघा: उठताना अंग डावीकडे झुकतंय? उजवी टाच उचलली जातेय? तसं असेल तर उजवं पाऊल डाव्यापेक्षा चार बोटं मागे ठेवायला सांगा. मागच्या पायाला भार घ्यावाच लागतो.

चालणं सुरुवातीला घरातच, ५-५ मिनिटं, दिवसातून ३ वेळा. दर २-३ दिवसांनी एखादं मिनिट वाढवा. चालताना बोलता आलं पाहिजे; वाक्य तुटत असेल तर वेग जास्त आहे. काही बीपीच्या गोळ्यांनी नाडी फारशी वाढत नाही, म्हणून नाडीच्या आकड्यावर विसंबू नका. सपाता नकोत, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट हवेत, कारण कमजोर पायाचा चवडा नीट उचलला जात नाही आणि सपाता अडकते. पायपुसणी, सतरंज्या वाटेतून काढा.

उजव्या हाताला रोजची कामं द्या: कपड्यांच्या घड्या, डब्याचं झाकण, बटणं. वेळ लागला तरी लागू दे. आणि आधार देताना तो हात धरून कधीही ओढू नका, खांदा दुखावतो.

जोर लावताना श्वास रोखायचा नाही, बीपी एकदम चढतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थकवा उरला तर आदल्या दिवसाचं प्रमाण निम्मं करा. या आजारात थकवा खरोखरच फार येतो, त्याला आळस समजू नका.

छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबवून डॉक्टरांना कळवा. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर मात्र वाट न बघता रुग्णवाहिका बोलवा, काही मिनिटांत बरं वाटलं तरीही. लक्षण कधी सुरू झालं ती वेळ लिहून ठेवा. कारण मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्या वेळेपासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.