सोशल मीडियामुळे जनआंदोलनं खरंच यशस्वी होतात का?

माझ्या मते नुसत्या सोशल मीडियामुळे होत नाहीत, पण वेग प्रचंड येतो. कोल्हापूरचंच बघा. जुलै २०२५ मध्ये नांदणीच्या जैन मठाची महादेवी, म्हणजे सगळ्यांची माधुरी हत्तीण, न्यायालयाच्या आदेशाने जामनगरच्या वनतारात, म्हणजे रिलायन्सच्या प्राणी केंद्रात गेली. निरोपाचे व्हिडिओ रातोरात घराघरांत पोचले. मग लोकांनी रिलायन्सवर राग काढायला सोपा मार्ग शोधला. १९०० नंबरला मेसेज करून जिओचं सिम पोर्ट करायचं आणि स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवायचा. घरातल्या आजीलाही जमेल असं आंदोलन! ऑगस्टमध्ये नांदणी ते कोल्हापूर मूक पदयात्रा निघाली, आणि काही दिवसांतच सरकार, मठ आणि वनतारा चर्चेला बसले.

पण एवढी माणसं रस्त्यावर आली ती मठाशी पिढ्यान्‌पिढ्यांचं नातं होतं म्हणून. रील बघून कोण इतकं चालतंय?

कोल्हापूरचंच टोलविरोधी आंदोलन आठवा. शेकापचे ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील सरांसारखी माणसं पुढे होती, बैठका आणि मोर्चे वर्षानुवर्षं चालले, आणि २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाला. तेव्हा व्हॉट्सॲप हाताशी आलं होतं, तरी कणा कृती समितीचाच होता. इजिप्तमध्ये तर राष्ट्राध्यक्ष मुबारक यांच्याविरुद्धच्या आंदोलनात २८ जानेवारी २०११ ला सरकारने इंटरनेट बंद केलं, तरी त्याच दिवशी कैरोत गर्दी उसळली.

आणि हेच हत्यार उलटतंही. जून २०२३ मध्ये काही आक्षेपार्ह स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. शाहू महाराजांच्या गावात हे घडलं, याचं वाईट वाटतं.