शेवटच्या चरणातले नाव

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तू गाणी ऐकवून गेलीस त्याला आठ दिवस झाले आणि तेवढे दिवस हे पत्र माझ्या मनात घोळते आहे. तुझ्या आवाजाविषयी किंवा तालाविषयी मी काही लिहिणार नाही. ज्या घरात पाळण्यातल्या लेकराला टाळांच्या आवाजात झोप लागते, त्या घरातल्या मुलीला सुराचे कौतुक सांगायचे नसते. उंबऱ्यावर थांबून तू जे विचारलेस त्याचेच उत्तर देतो. "काका, चाल आजोबांची, ठेका बाबांचा, मग यात माझं काय आहे?"

तुझी मुद्रा, म्हणजे रचणारा शेवटच्या चरणात घालतो ती नावाची खूण, आहे का, एवढेच पाहा. गंगाखेडची जनी नामदेवांच्या घरी वाढली. त्या घरात धाकट्या-थोरल्या सगळ्यांनी अभंग रचले असे परंपरा सांगते. म्हणजे तुझ्या घरापेक्षा ते घर गाण्याच्या दृष्टीने कितीतरी भरलेले होते. तरीही जनीने दळणकांडणाचे, शेणी वेचण्याचे आपलेच कष्ट अभंगात आणले आणि शेवटच्या चरणात स्वतःचे नाव घातले. पैठणच्या नाथांनी देवगिरीच्या जनार्दनस्वामींचे नाव आपल्या नावाला जोडून 'एका जनार्दनी' अशी मुद्रा केली. त्यात गुरूचा मान राहिला आणि आपले नावही पुसले गेले नाही. तेव्हा तुझे वडील म्हणतात तसे, स्वतःचे नाव लावणे म्हणजे घराण्याचा अवमान, हे मला मुळीच मान्य नाही.

हे मी एवढ्या हट्टाने का लिहितो, ते तुला ठाऊक नसेल. 1991 साली मी आठ भक्तिगीते लिहून, चाली बांधून एका कॅसेट कंपनीला दिली. बाराशे रुपये मिळाले आणि एका कागदावर सही झाली. कॅसेट हाती आली तेव्हा आतल्या पुठ्ठ्यावर गायकाचे नाव ठळक होते आणि त्याखाली लिहिले होते, 'गीत-संगीत : पारंपरिक'. मी जिवंत होतो, बत्तीस वर्षांचा होतो आणि पारंपरिक झालो होतो. माझे वडील म्हणाले, "देवाच्या गाण्याला नाव कशाला?" मी गप्प बसलो. त्यांतले एक गाणे आजही जत्रेत कर्ण्यावरून वाजते, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला हे माझे आहे असे सांगायला माझ्याजवळ कागदाचा एक कपटाही नाही. बहिणीचे लग्न तोंडावर होते, सलग दोन वर्षे पीक हातचे गेले होते, आणि परभणीपासून मुंबईपर्यंत मला विचारायला ओळखीचे एक माणूस नव्हते. माझ्या जागी कोणीही असता तरी त्याने सही केली असती, असे मी आजही म्हणेन. पण त्यानंतरचे गप्प बसणे माझे होते. त्याला लग्न किंवा दुष्काळ जबाबदार नव्हता.

म्हणूनच "कागदाचं नंतर बघू" हे तुझे वाक्य मला ऐकवत नाही. नंतर काही बघता येत नाही, लेकी! तुझी गाणी घ्यायला निघालेले ते गृहस्थ तुला एकरकमी पंधरा हजार देऊन सगळे हक्क कायमचे मागत आहेत. गीताचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या कायद्याने तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि तू त्या तिन्ही एका सहीत देऊन टाकायला निघाली आहेस. कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर शब्द आणि चाल यांच्या स्वामित्वधनातला (रॉयल्टीतला) गीतकार-संगीतकाराचा समान वाटा वारस किंवा हक्कसंस्था यांच्याखेरीज कोणालाही देऊन टाकता येत नाही, हे खरे. पण कागदावर तुझे नावच नसेल तर तो वाटा मागणार कोणत्या तोंडाने? करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो. 'कायमचे' हा शब्द त्यांनी विचारपूर्वक घातला आहे. गीतकार-संगीतकारांचे स्वामित्वधन गोळा करणारी आयपीआरएस नावाची हक्कसंस्था आहे, तिचे गीतकार आणि संगीतकार म्हणून सभासदत्व घे. प्रत्येक गाणे वहीत तारखेसह उतरव. तुझ्या हयातीनंतरही साठ वर्षे त्या शब्दांवर तुझ्या माणसांचा हक्क राहणार आहे, तो पंधरा हजारांत जाऊ देऊ नकोस.

आजोबांच्या चालीवर मात्र स्वतःचे नाव घालू नकोस. ती त्यांनी बांधलेली असेल तर त्यांना विचार आणि चाल त्यांची, शब्द तुझे, असे स्वच्छ लिही. ती गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असेल तर तसे लिही. माझ्या बाबतीत जे झाले ते आपल्या हातून दुसऱ्याच्या बाबतीत होता कामा नये.

आता गाण्यांविषयी. पाऊस, चंद्र आणि कोणा 'तू'ची वाट पाहणारी जी पाच गाणी तू आधी म्हटलीस, त्यांत तुझी मुद्रा मला सापडली नाही. ती कोणाचीही असू शकतात. मग तू वही मिटताना एक पान घाईने उलटलेस. मी हट्ट धरला म्हणून ते गाणे म्हटलेस: 2016 च्या उन्हाळ्यातले लातूर, मिरजेहून रेल्वेने येणारे पाणी, टँकरच्या रांगेत आईच्या टिपाडापाशी उभी असलेली लहान मुलगी, आणि रिकाम्या टिपाडावर तिची बोटे भजनी ठेका धरतात ती ओळ. म्हणताना तू टेबलाच्या कडेवर तोच ठेका वाजवत होतीस आणि तिसऱ्या आवर्तनात तुझी बोटे थांबली. "हे कोण ऐकणार?" असे म्हणून तू वही बंद केलीस. मला त्या क्षणी तुझा राग आला, तो अजून गेलेला नाही. जनीने जाते सोडले नाही; तू टिपाड का सोडतेस?

आणखी एक. पेटीच्या काळी दोन या तुझ्या वडिलांच्या पट्टीत तुझा मुखडा ठीक जातो, पण अंतऱ्याला गळा ताणतो. त्यांच्या पट्टीत गाणे हा आदर नव्हे. काळी चारमध्ये म्हणून पाहा.

माझ्या पेटीचा भाता दोन ठिकाणी फाटला होता. काल तो बदलून घेतला आहे. येत्या एकादशीला ये. तो करारनामा सही न करता घेऊन ये, आपण ओळ न् ओळ वाचू. टिपाडाच्या गाण्याला अजून शेवटचा चरण नाही, तो लिहून आण.

तुझा,
काका